हेल्मेटसक्ती : सूट मिळालेल्या डोक्यांचा इतिहास

हेल्मेटसक्ती म्हटलं की महाराष्ट्राला पुणं आठवतं. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटची कडक अंमलबजावणी होईल, असं तत्कालीन पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांनी जाहीर केलं आणि त्याच आठवड्यात पुणेकर डोक्यावर पुणेरी पगडी चढवून दुचाकी मोर्चाला निघाले. हेल्मेटसक्ती विरोधी कृती समितीचं म्हणणं साधं होतं. शहराच्या गर्दीत गाडी पळतेच किती, हेल्मेटने मान दुखते, मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, आधी रस्त्यातले खड्डे बुजवा. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातल्या आमदारांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांची भेट घेतली आणि रस्त्यात अडवून हेल्मेटची कारवाई करू नका, असा निरोप पोलिसांना गेला. हेल्मेट पुन्हा खुंटीला लागलं.

मी हे सगळं बारामतीहून पाहत होतो. जिल्हा एकच, पण आमच्या गाड्यांचा नंबर एमएच ४२ ने सुरू होतो, आणि आमच्याकडे पगडीचा मोर्चा निघण्याचं काही कारणच नव्हतं. सक्ती जाणवतच नव्हती, तर विरोध कशाला होईल? इथे हेल्मेट आरशाला टांगलेलं असतं. चौकात खाकी दिसली की डोक्यावर येतं, पुढच्या वळणावर पुन्हा आरशाला जातं. मागे बसणाऱ्या बाईसाठी तर ते विकतच घेतलेलं नसतं.

सक्ती असावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘असावी’ असंच आहे. पण हा विषय वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. हेल्मेटच्या कायद्याचा इतिहास आपण सक्तीचा इतिहास म्हणून सांगतो. प्रत्यक्षात तो सवलतींचा इतिहास आहे. कुणाला कधी आणि कोणत्या कारणाने सूट मिळाली, हे पाहत गेलं की कायद्याने कुणाचं डोकं हिशोबात धरलं आणि कुणाचं नाही, ते कळतं. आणि बारामती-इंदापूरसारखा भाग त्या न धरलेल्या डोक्यांत येतो.

सुरुवात एका अशा माणसापासून करावी लागते, ज्याचं नाव मुसलमान वाचकाला वेगळ्याच कारणाने माहीत असतं. टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. पहिल्या महायुद्धात तुर्की सल्तनतीविरुद्ध अरबांच्या उठावात सामील झालेला हा ब्रिटिश अधिकारी. पुढे नाव बदलून तो हवाई दलात साधा सैनिक झाला आणि त्या काळात कराची आणि मिरानशाहलाही राहून गेला. त्याला मोटरसायकलचं भयंकर वेड. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये, घराजवळच्याच रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो ४६ व्या वर्षी वारला.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. ही केस त्यांच्या डोक्यातून गेली नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा विमानहल्ल्यांच्या भीतीने ब्रिटनमध्ये रात्री दिवे बंद ठेवले जायचे. काळोख्या रस्त्यांवर लष्कराचे निरोपे मोटरसायकलवरून धावत आणि मरत. केर्न्स यांनी १९४१ मध्ये या मृत्यूंचा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापला. हेल्मेट घातलेले जखमी त्यांना जेमतेम सात मिळाले आणि त्यातला एकही मेला नव्हता. सात म्हणजे काही मोठा आकडा नाही, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केलं.

या गोष्टीत मला लॉरेन्सपेक्षा तो काळोख महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे असा काळोख दरवर्षी साखर कारखान्यांच्या गाळपाबरोबर येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी. चारी बाजूंनी ऊस रस्त्यावर असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर, मागे दिवा नाही, असला तर उसाच्या पाचटाने झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. बैलगाड्या वेगळ्याच. हिवाळ्याच्या चार महिन्यांत रात्री आठनंतर मोटरसायकलवर निघालेला माणूस घरी पोहोचेपर्यंत बाया जाग्या असतात.

ब्रिटनमध्ये लष्कराबाहेरच्या लोकांना हेल्मेटची सक्ती व्हायला आणखी ३२ वर्षं गेली. ती १९७३ मध्ये झाली. त्याच्या आधी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९६१ मध्येच ती केली होती. ब्रिटनच्या कायद्याला तीन वर्षं होतात न होतात तोच पहिली मोठी सूट आली. १९७६ मध्ये पगडी घालणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून वगळणारा स्वतंत्र कायदा संसदेने केला. त्यामागे शीख समाजाची मोठी चळवळ होती, आणि पगडी घालून दोन महायुद्धांत लढलेल्या शीख सैनिकांचा दाखला होता.

भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचं कलम १९७७ च्या दुरुस्तीने आलं. १९८८ च्या नव्या कायद्यात ते कलम १२९ झालं. हे कलम नीट वाचण्यासारखं आहे. त्यात चालवणाऱ्यासोबत बसणाऱ्याचाही उल्लेख सुरुवातीपासून आहे. हेल्मेट नुसतं डोक्यावर ठेवून चालणार नाही, पट्ट्याने बांधलेलं हवं, हेही आहे. म्हणजे मागे बसणाऱ्याला हेल्मेट हा नवा जुलूम नाही. तो तेवढाच जुना आहे. पण त्याच कलमात मुळात दोन परंतुकं होती. एक पगडीधारी शिखांसाठी. दुसरं, २०१९ च्या दुरुस्तीआधीचं, असं की राज्य सरकार आपल्या नियमांनी योग्य वाटतील ते अपवाद करू शकत होतं. पहिल्या परंतुकाची चर्चा खूप होते. दुसऱ्याने जास्त माणसं मारली असावीत, असं माझं मत आहे.

आधी स्वातंत्र्याच्या मुद्द्याचं काय झालं ते सांगतो. ‘माझं डोकं, माझी मर्जी’ हा युक्तिवाद पुण्यात २०१९ मध्ये जन्मला नाही. आंध्र प्रदेशने हेल्मेट बंधनकारक केलं तेव्हा तो नियम थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ‘अजय कानू विरुद्ध भारत सरकार’ हा तो खटला, निकाल १९८८ चा. राज्यघटनेने दिलेल्या मुक्त संचाराच्या हक्कावर गदा येते, असं अर्जदाराचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. संचार करायला हेल्मेट आडवं येत नाही, उलट तो सुरक्षित होतो, असा निकालाचा आशय होता. म्हणजे ज्या वर्षी नवा कायदा झाला त्याच वर्षी घटनात्मक वाद संपला होता. त्यानंतर आपण जी ३०-३५ वर्षं भांडत आलो, ते भांडण कायद्याचं नव्हतंच.

तरी तो युक्तिवाद मी टाकाऊ समजत नाही. राज्याने माणसाच्या भल्यासाठी त्याच्यावर काय लादावं, याची भीती अल्पसंख्याक समाजाला इतरांपेक्षा थोडी जास्तच कळते. आज हेल्मेट, उद्या खाणं, परवा कपडे, ही शंका मनात येते. पण या दोन्हींत फरक आहे. मोटरसायकलवरून पडलेला माणूस एकटा पडत नाही. त्याच्यामागे हप्ता असतो, आई असते, लहान पोरं असतात. डोक्याला मार लागून वाचला तर घरातली एक बाई आयुष्यभर त्याच्या खाटेपाशी बांधली जाते. तिची मर्जी कुणी विचारलेली नसते.

आता सवलतींकडे येऊ. दिल्लीत २०१४ पर्यंत दुचाकीवरच्या बायकांना हेल्मेट ऐच्छिक होतं. मुळात सूट हवी होती शीख स्त्रियांना. पण रस्त्यात उभा राहून कोण शीख आणि कोण नाही, हे पोलिसाने बाईला कसं विचारायचं? म्हणून सगळ्याच बायकांना सूट. राजधानीत दीड दशक नवरा हेल्मेट घालून पुढे आणि बायको उघड्या डोक्याने मागे, हे दृश्य पूर्ण कायदेशीर होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर सूट फक्त शीख स्त्रियांपुरती उरली.

गुजरातने डिसेंबर २०१९ मध्ये शहरांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचं जाहीर केलं. पुण्याच्या कृती समितीची मागणीही साधारण हीच: हायवेला घाला, शहरात नको. गुजरात सरकारला पुढच्या काही आठवड्यांतच न्यायालयापुढे माघार घ्यावी लागली.

परदेशातही हेच. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने जुलै २००० मध्ये २१ वर्षांवरच्या, दहा हजार डॉलरचा वैद्यकीय विमा असलेल्या स्वारांना हेल्मेटमधून मोकळं केलं. त्यानंतरच्या तीन वर्षांत, म्हणजे २००१ ते २००३ मध्ये, मोटरसायकलवरचे मृत्यू १९९७ ते १९९९ च्या तुलनेत ८१ टक्क्यांनी वाढले. गाड्याही वाढल्या होत्या हे खरं, पण नुसत्या वाढलेल्या गाड्यांनी एवढी वाढ समजावता येत नाही. आणि यातही गंमत अशी की, २१ च्या आतल्या मुलांना सूट नव्हतीच, तरी त्यांनीही हेल्मेट काढलं. रस्त्यावरचा पोलीस वय आणि विम्याचा कागद बघून थोडाच अडवणार? एकाला दिलेली सूट दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत पोहोचते ती अशी.

याच्या उलट उदाहरण व्हिएतनामचं. तो देश आपल्याला जवळचा वाटावा असा आहे: भातशेती, मोटरसायकली, एका गाडीवर अख्खं कुटुंब. तिथे आधी ठरावीक रस्त्यांपुरती सक्ती होती आणि ती कुणी पाळत नव्हतं. २००७ मध्ये सरकारने आधी आपल्या कर्मचाऱ्यांना घालायला लावलं, आणि १५ डिसेंबर २००७ पासून सगळ्या रस्त्यांवर, चालवणाऱ्याला आणि बसणाऱ्याला, एकाच दिवशी सक्ती केली. हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण थोड्याच काळात नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. अपवाद राहिला तो मुलांचा. लहान मूल विनाहेल्मेट असेल तर कुणाला दंड करायचा याची तरतूद नव्हती. हेल्मेटच्या वजनाने पोरांच्या मानेला इजा होते, अशी अफवाही पसरली. ती फट बुजवायला २०१० उजाडलं. तोवर आईबाप हेल्मेटमध्ये आणि मधलं पोर उघडं.

महाराष्ट्रात असं लेखी वर्गीकरण झालं नाही. आपल्याकडे सूट तोंडी असते. सर्वोच्च न्यायालयाने रस्ते सुरक्षेसाठी नेमलेल्या न्या. के. एस. राधाकृष्णन समितीने २०१५ मध्ये राज्यांना कलम १२९ पाळायला लावलं. त्यानंतर २०१६ च्या सुरुवातीला परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी चालवणारा आणि मागचा, दोघांना हेल्मेट बंधनकारक असल्याचं जाहीर केलं. जुलैमध्ये ते आणखी पुढे गेले: ‘हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही’. पंपवाले चिडले, पुढारी चिडले, आणि दोनेक आठवड्यांत पेट्रोल मिळेल, फक्त गाडीचा नंबर टिपला जाईल, इथवर गोष्ट आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयाने मागे बसणाऱ्यावरच्या कारवाईची वेगळी नोंद ठेवा, असा आदेश काढला. लगेच ‘आता मागच्यालाही हेल्मेट’ अशा बातम्या झळकल्या. जणू कालच कायदा झाला! ३६ वर्षं जुनी तरतूद लोकांना नवी वाटते, यातच तोंडी सुटीची ताकद आहे.

या सगळ्यात बारामती-इंदापूर कुठे बसतं, ते पाहायला दुचाकीचा इतिहास थोडा सांगायला हवा. आकुर्डीच्या बजाजने १९६० मध्ये इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. १९७१ ला करार संपला आणि त्यातून चेतक आली. फिरोदियांच्या कायनेटिकची लुना १९७२ ची. तरी आमच्या भागात त्या काळी दुचाकी म्हणजे डॉक्टर, मास्तर, बागायतदार यांच्याकडची वस्तू. ती खऱ्या अर्थाने गावात आली एम-८० वर, दुधाच्या कॅन लटकवून. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, ऊस, मग संकलन केंद्रावर जाणारं दूध, त्यामागोमाग एमआयडीसी. हिरो होंडा आणि हप्त्यावर मिळणारी स्प्लेंडर आल्यावर घराघरात गाडी झाली. एसटी कमी होत गेली तशी गाडी चैनीची न राहता पायाची झाली. गंमत बघा, जिच्या परवान्याने पुण्यात स्कूटर आली, त्या पियाजिओचाच कारखाना आज बारामती एमआयडीसीत आहे आणि २०१२ पासून व्हेस्पा इथेच तयार होते. स्कूटर बनवायला जाणारा कामगार पाळीवर जातो तो दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या मोटरसायकलवर, हेल्मेट आरशाला टांगून. कारखान्याच्या फाटकावर मात्र तेच हेल्मेट डोक्यावर असतं. तिथे नियम आहे, आणि तो कुणी ऐच्छिक समजत नाही.

रस्तेही बदलले. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापूरला लागून जातो. पाटस-बारामती-इंदापूर-अकलूज असा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग, सुमारे १३० किलोमीटर, चौपदरी करण्याच्या कामाचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. काटेवाडी, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही सगळी गावं त्याच रस्त्यावर. आषाढीआधी याच वाटेने वारकरी पायी जातात, आमच्यातले कित्येक जण त्यांना पाणी देतात. उरलेले अकरा महिने हा रस्ता पायी चालणाऱ्याचा नाही. जुन्या रस्त्यावर खड्ड्यांमुळे पन्नासच्या वर गाडी जात नव्हती, आता सत्तर-ऐंशी सहज पडते. दुभाजकातून पलीकडच्या शेतात जायला लांबचा वळसा पडतो, म्हणून लोक उलट्या बाजूने येतात. ‘शहरात वेग कमी असतो’ हा पुण्याचा युक्तिवाद घटकाभर मान्य केला तरी तो आमच्या कामाचा नाही. आमचं गावच महामार्गावर आहे. घरातून किराणा आणायला निघालं तरी हायवे लागतो.

आणि पडल्यावर? बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१९ मध्ये सुरू झालं. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून धावते. त्याआधीच्या काळात डोक्याला मार म्हणजे जीप करून पुणं, नाहीतर सोलापूर. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर, इंदापूरहून आणखी जास्त. कवटीच्या आत रक्त साचत असतं तेव्हा हे अंतर फार मोठं असतं. आजही गंभीर रुग्ण पुढे पाठवावाच लागतो. म्हणून मी म्हणतो की, ज्या शहरात न्यूरोसर्जन दहा मिनिटांवर आहे त्या शहराने हेल्मेटची चर्चा ठरवावी आणि जिथे तो दोन तासांवर आहे त्या तालुक्याने ती बातमीत वाचावी, हे उलटं आहे.

आकडे थोडकेच देतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात हेल्मेट न घातलेले ५०,०२९. त्यातले ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हेल्मेट असतं तर हे सगळे वाचले असते, असं कुणी म्हणू नये. ट्रकखाली गेलेल्याला हेल्मेट काय करणार? पण कोक्रेनने २००८ मध्ये ६१ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात हेल्मेटने मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी घटतो असं निघालं. मानेचं म्हणाल तर त्याबाबत त्यांना ठोस काही सांगता आलं नाही.

त्या १४,३३७ मध्ये बाया किती असतील, याचा अंदाज आमच्या रस्त्यावर तासभर उभं राहिलं की येतो. आमची एक खाला इंदापूरला चांदशाहवली बाबांच्या उरुसाहून परत येत होती. पोराच्या मागे, एका बाजूला पाय टाकून, मांडीवर नातू, हातात तबर्रुकची पिशवी. गावाच्या वेशीवर रंग उडालेला गतिरोधक. गाडी उडाली, पोरगा हँडल धरून सावरला, नातवाला तिने छातीशी धरलं आणि ती डोक्यावर आपटली. वाचली, पण उजवा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, आणि माणसांची नावं विसरते. गाडीचा वेग तिशीच्या आत असेल. पोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ते त्याला कंपनीच्या फाटकासाठी लागायचं.

एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बाईचा विचार आपल्या नियमांनी केलेलाच नाही, असं नाही. मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी, धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने सक्तीचं आहे. म्हणजे तिच्या पदराची काळजी गाडीसोबत येते. डोक्याची मात्र घरच्यांवर सोडलेली.

आपल्या समाजात या विषयावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: सरदारांना पगडीसाठी सूट आहे, मग आपल्या टोपीला का नको? जुम्म्याच्या दिवशी मशिदीबाहेरच्या गाड्या बघा, टोपी डोक्यावर आणि हेल्मेट आरशाला. पोलीसही त्या दिवशी कानाडोळा करतात. बुरख्यावर हेल्मेट बसत नाही, असंही सांगितलं जातं. मला ही मागणी मुळातूनच चुकीची वाटते. केशधारी शिखाची पगडी आणि आपली टोपी यांत फरक आहे. टोपी घडी करून खिशात जाते. इंडोनेशिया आणि मलेशियात हिजाबावर हेल्मेट चढवून लाखो मुसलमान बाया रोज गाडी चालवतात, त्यांचा दीन त्यामुळे कमी झालेला नाही. उंट बांधण्याची हदीस आपल्या प्रत्येक बयानात येते. शरियतच्या उद्देशांमध्ये इमाम गझालींनी जिवाच्या रक्षणाला, हिफ्झ-ए-नफ्सला, जी जागा दिली ती मदरशातल्या पोरालाही पाठ असते. आणि व्यवहाराचं बोलायचं तर, दिल्लीत बायकांना मिळालेली सूट त्यांच्या कुठल्या कामाला आली? पोलिसाने शुक्रवारी केलेला कानाडोळा हा मान नाही. हे आमचंच डोकं आहे, फुटलं तर फुटू दे, एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो. नांदेडच्या शीख बांधवांचा निर्णय त्यांचा त्यांनी घ्यावा. माझा त्यात अधिकार नाही.

सक्तीच्या बाजूने बोलताना सरकारचं मात्र मी ऐकून घेणार नाही. दंड वाढवण्यात कुणी कुचराई केली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात विनाहेल्मेटचा दंड १,००० रुपये आणि परवाना तीन महिने रद्द, अशी तरतूद झाली. त्याच दुरुस्तीने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागू केलं. त्याहून लहान मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: नऊ महिन्यांपासून पुढच्या बाळाला त्याच्या मापाचं हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा, वेग चाळीसच्या आत. असा पट्टा मी बारामतीत, इंदापुरात, निमगावात, कुठल्याही दुकानात पाहिलेला नाही. जी वस्तू बाजारातच नाही तिच्या सक्तीला काय म्हणायचं?

हेल्मेटची गोष्टही तीच. डोकं वाचवतो तो आतला दाबाचा थर्माकोल. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि मेंदूला थांबायला क्षणभर जास्त वेळ देतो. बाहेरचं कवच मार पसरवतं, पट्टा हेल्मेट डोक्यावर टिकवतो. हायवेच्या कडेला दोरीवर टांगून विकतात त्यात बहुतेकदा थर्माकोलच्या जागी स्पंज असतो. १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं हेल्मेट बनवणं आणि विकणं बेकायदा आहे. चांगली हेल्मेटं लांबून येतात असंही नाही, वेगासारखा मोठा कारखाना बेळगावात आहे. पण कारवाई डोक्यावर होते, दोरीवर होत नाही.

आणि एक नियम असा आहे जो शोरूमवाले आपण होऊन सांगत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३८ व्या नियमात, नवी दुचाकी विकताना कंपनीने हेल्मेट दिलंच पाहिजे, असं लिहिलेलं आहे. कुणी देतं, कुणी बिलात लावतं, कुणी कागदावर सही घेऊन मोकळं होतं. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने एक मसुदा काढला, त्यात एकाऐवजी दोन हेल्मेट द्यावीत असं सुचवलं आहे. १९८८ च्या कलमात जी मागे बसलेली होती, तिची आठवण कागदावर यायला एवढी वर्षं लागली. दुसरं हेल्मेट घेताना माप तेवढं बघून घ्या. आमच्याकडच्या दुकानांत ५८ आणि ६० सेंटिमीटरची पुरुषी मापंच मांडलेली असतात; बायकांचं, पोरांचं माप मागितलं की दुकानदार आधी वर बघतो, मग मागच्या खोलीत जातो, आणि पुण्याहून मागवून देतो म्हणतो.